चांगला साहेब आणि गहाण पडलेला जिल्हा

पावसाळ्यात बोरी नदीला पाणी आलं की नळदुर्गच्या किल्ल्यातले नर-मादी धबधबे सुरू होतात आणि त्यांच्या मागोमाग रील्सही सुरू होतात. ड्रोनचा शॉट, मागं दणदणीत संगीत, वर ‘आमचं नळदुर्ग’. त्यात वाईट काही नाही, मीही दरवर्षी एखादं पुढं ढकलतो. माझं भांडण आहे ते खालच्या कमेंटशी. दहा-बारा ‘एक नंबर’ झाले की कुणीतरी लिहितंच, ‘इंग्रज होते तेव्हा कामं तरी होत होती.’ मग थोडं वाचलेला दुसरा कुणी नाव घेऊन सांगतो: इथं कर्नल टेलर नावाचा साहेब होता, त्यानं रस्ते केले, जमिनी मोजल्या, तुळजापूरवर कादंबरी लिहिली. असा एक साहेब आज मिळाला तर जिल्ह्याचं सोनं होईल.

यातलं पहिलं वाक्य नुसतं विनोदी आहे. ज्या धबधब्याखाली ते लिहिलं जातं तो पाणी महालाच्या बंधाऱ्यावरून कोसळतो, आणि तो बंधारा आहे इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातला, 1613 च्या सुमाराचा. इंग्रज तेव्हा सुरतेत वखार घालायची परवानगी मिळवण्यात गुंतले होते.

दुसऱ्या वाक्याशी मात्र नीट भांडायला हवं. कारण त्यातली माहिती बरीचशी खरी आहे, आणि तिच्यावरून काढलेला निष्कर्ष आपल्याला आजही महागात पडतोय.

वशिल्याचा पोरगा

फिलिप मेडोज टेलर 1808 साली लिव्हरपूलमध्ये जन्मला. 1824 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडं नोकरीसाठी आला. त्या पेढीत काही दम नव्हता. पण मुंबई सरकारात एक नातेवाईक मोठ्या हुद्द्यावर होता. त्याच्या शब्दावर पोराला निजामाच्या फौजेत अधिकारी म्हणून घेतलं गेलं. आपण याला वशिला म्हणतो. आज ‘त्या काळी कसं, गुणवत्तेला किंमत होती’ असं कुणी म्हणालं तर एवढं लक्षात ठेवा.

पोरगा हुशार होता, हे मान्य करायला हवं. त्यानं फारसी, हिंदुस्थानी, मराठी शिकून घेतली. पोलिसाचं काम केलं. हैदराबादचा बँकर विल्यम पामर याच्या मुलीशी लग्न केलं. या पामरची आई हिंदुस्थानी होती, म्हणजे असं लग्न गोऱ्या वर्तुळात मिरवण्यासारखं नव्हतं. 1839 मध्ये त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लंडनमध्ये गाजली. 1841 मध्ये त्याला सुरपूर संस्थानात धाडलं. ते आता कर्नाटकच्या यादगीर जिल्ह्यात येतं. 1853 ते 1857 तो नळदुर्ग जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या आपल्या धाराशिवच्या मुलखाचा, डेप्युटी कमिशनर होता. 1857 मध्ये त्याला वऱ्हाडात बुलढाण्याला हलवलं, 1858 मध्ये परत सुरपूरला. 1860 मध्ये तब्येतीमुळं तो निवृत्त झाला, 1876 मध्ये वारला, आणि 1877 मध्ये मुलीनं त्याचं आत्मचरित्र छापलं.

गणवेश फौजी, काम राजकीय. त्याच शतकात अमेरिकेतही फौजेतून राजकारणात गेलेल्यांची रांग होती: अँड्र्यू जॅक्सन, झॅकरी टेलर, युलिसिस ग्रँट. तिघंही सेनानी, तिघंही पुढं राष्ट्राध्यक्ष. मतदार तेव्हा बहुतेक गोरे पुरुषच होते, ही त्या लोकशाहीची मोठी लाज. तरी त्या तिघांना निदान कुणाच्या तरी दारात मत मागायला जावं लागलं. आपल्या टेलरला नळदुर्गात एकाही दारात जावं लागलं नाही. त्याला नेमणारे कलकत्त्यात आणि हैदराबादच्या रेसिडेन्सीत बसले होते. लोकांना खूश ठेवणं ही त्याची मर्जी होती. वरच्यांना खूश ठेवणं ही त्याची नोकरी होती.

जिल्हा गहाण कसा पडला

टेलर नळदुर्गला आलाच कसा, हा प्रश्न कुणी विचारत नाही. बदलीवर आला असेल, झालं. पण ती गोष्ट बदलीची नव्हती. अख्खा जिल्हा गहाण पडला होता.

हैदराबाद संस्थानात ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची फौज होती. नाव निजामाच्या मुलखाचं, अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा आणि पगार निजामाच्या तिजोरीतून. तहानुसार निजामानं युद्धाच्या वेळी फौज पुरवायची होती. शांततेच्या काळातही ती बारा महिने पोसायची, असं त्या तहात नव्हतं. तरी ती पोसायला लावली. पगार थकू लागले, की कंपनी आपल्या तिजोरीतून द्यायची आणि निजामाच्या नावावर मांडून ठेवायची. कर्ज फुगत गेलं. शेवटी 21 मे 1853 रोजी लॉर्ड डलहौसीच्या दडपणाखाली निजाम नासिरुद्दौलानं तहावर सही केली. वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा पट्टा कंपनीच्या ताब्यात गेला. इथला सारा गोळा करायचा, त्यातून आधी फौजेचा पगार भागवायचा आणि जुन्या बाकीचं व्याज वळतं करून घ्यायचं.

आता थोडा हिशोब करा. ही फौज कुठली? ज्या फौजेत टेलर 1824 मध्ये वशिल्यानं भरती झाला, तीच. म्हणजे ज्या पगारपत्रकापायी हा मुलूख गहाण पडला, त्याच पगारपत्रकावर ज्याचं करिअर उभं राहिलं, तोच साहेब वसुलीला आला. त्याचा सासरा विल्यम पामर कोण? 1820 च्या आसपास याच फौजेच्या खर्चासाठी निजामाला भरमसाठ व्याजानं पैसे पुरवणाऱ्या पेढीचा मालक. ते कर्ज वेगळं होतं आणि त्याचा निकाल आधीच लागला होता, हे खरं. पण दोन्ही कर्जांच्या मुळाशी असलेली फौज एकच.

यात टेलरनं व्यक्तिशः चोरी केली असं मी म्हणत नाही. तो स्वच्छ माणूस होता. माझं म्हणणं उलट आहे. पिळून काढायची व्यवस्था स्वच्छ माणसाच्या हातून जास्त सुरळीत चालते. त्यानं जमिनीची मोजणी केली, साऱ्याचे दर बसवले. शेतकऱ्याला आपण नेमकं किती द्यायचंय हे कळलं, मधल्या मक्तेदाराची मनमानी कमी झाली, हा फायदा खराच. पण मोजणी कशासाठी होती? दरवर्षी ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखेला यावी म्हणून. ईएमआय वेळेवर कापला जावा म्हणून बँक आपल्याला अ‍ॅप देते. अ‍ॅप छान असतं, रंगसंगती सुंदर असते, म्हणून कर्ज आपल्या संमतीनं काढलं होतं असं सिद्ध होत नाही. तुळजापूर, नळदुर्ग, धाराशिवच्या शेतकऱ्यानं तर ते काढलंच नव्हतं.

गोष्टीचा शेवटही तसाच. 1857 मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूनं राहिला. बक्षीस म्हणून डिसेंबर 1860 च्या तहात 50 लाखांचं कर्ज माफ झालं आणि नळदुर्ग, रायचूर निजामाला परत मिळाले. सावकाराकडची पाटली सोडवून आणावी तसा जिल्हा सोडवून आणला. जाताना कुणी विचारलं नव्हतं, परत येताना कुणी विचारलं नाही. ज्याच्या कारभाराची आपण आज आठवण काढतो तो कारभार एका सहीनं आला आणि एका सहीनं गेला. इथल्या लोकांच्या हातात त्यातलं काहीच उरलं नाही, कारण त्यांच्या हातात काही दिलंच नव्हतं.

लॉग एकाच सर्व्हरचा

‘पण लोकांचं त्याच्यावर प्रेम होतं ना?’

हे कशावरून? त्याच्या आत्मचरित्रावरून. तो शहाणा कारभारी होता, हे कशावरून? त्याच्या आत्मचरित्रावरून. नळदुर्गचा किल्ला त्या काळी कसा दिसायचा, हेही बऱ्याच अंशी त्याच्याच आत्मचरित्रावरून. जिल्ह्याच्या सरकारी गॅझेटियरनंसुद्धा किल्ल्याचं वर्णन करताना टेलरचाच आधार घेतलाय. ते वर्णन उत्तम आहे. माणूस किल्ल्यातच राहायचा, डोळे उघडे ठेवून बघायचा, आणि लिहिता हात होता.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. रात्री दोनला सिस्टिम पडली की आम्ही लॉग बघतो. पण ज्या सर्व्हिसबद्दल तक्रार आहे, फक्त तिच्याच लॉगवर कुणी निकाल देत नाही. ती म्हणते, ‘मी सगळ्या रिक्वेस्टना वेळेत उत्तर दिलं.’ तिला तसं वाटतही असतं. मग आपण समोरच्या बाजूचा लॉग काढतो, मधल्या नेटवर्कचा काढतो, वापरणाऱ्यानं काय पाहिलं ते विचारतो. तीन ठिकाणचं जुळलं तर मान्य. टेलरच्या बाबतीत आपण पहिल्याच लॉगवर तिकीट बंद केलंय: साहेब चांगला होता, असं साहेबानं लिहिलंय.

समोरच्या बाजूला लॉग नव्हताच असं नाही. गावोगाव पाटील-कुलकर्ण्यांची दफ्तरं होती. मोडी कागद होते. देवस्थानाचे, मठांचे, वतनांचे हिशोब होते. हैदराबादच्या दफ्तरखान्यात निजामाच्या काळचे फारसी कागद आहेत. त्यातला किती भाग आपण वाचलाय? मोडी येणारी पिढी संपत आली. फारसीचं तर विचारूच नका. अमेरिकेत 1930 च्या दशकात सरकारनं पगारी लेखक पाठवून, गुलामगिरीत जन्मलेल्या दोन हजारांहून जास्त म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती लिहून घेतल्या. त्यातही त्रुटी होत्या. विचारणारे बहुतेक गोरे होते, सांगणारे बिचकत होते. पण मालकानं लिहिलेल्या आठवणींच्या शेजारी ठेवायला काहीतरी आलं. आपल्याकडं 1853 च्या कुळाचा शब्द टेलरच्या शब्दाशेजारी कुणी ठेवला नाही. जागा रिकामी राहिली आणि त्या रिकाम्या जागेत आपण ‘लोक खूश होते’ असं भरून टाकलं.

आपण ज्यात पात्र झालो

टेलरचा खरा टिकाऊ वारसा रस्त्यांत नाही, पुस्तकांत आहे. ‘तारा’ ही त्याची कादंबरी 1863 मध्ये आली. तिची सुरुवात तुळजापुरात होते. नायिका एका शास्त्र्याची विधवा मुलगी. गोष्टीत भवानीचं देऊळ आहे, मुरळी आहे, अफझलखान आहे, शिवाजी महाराज आहेत. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून आपण जिचं नाव घेतो ती गुंजीकरांची ‘मोचनगड’ 1871 ची. म्हणजे तुळजापूर मराठी ऐतिहासिक कादंबरीत येण्याआधी इंग्रजी कादंबरीत गेलं होतं, साहेबाच्या नजरेतून. त्याला 1657, 1757, 1857 अशी शंभर-शंभर वर्षांची जुळणी हवी होती, म्हणून 1659 चं प्रतापगड त्याच्या मांडणीत 1657 च्या खणात जाऊन बसलं. कादंबरीकाराला ती मुभा आहे. आपल्या इतिहासाचा आराखडा कुणाच्या सोयीनं आखला गेला, एवढं ध्यानात ठेवायचं.

‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’चा परिणाम याहून खोल गेला. अमीर अली नावाचा ठग आपल्या शेकडो खुनांची हकिगत साहेबाला सांगतो, अशी ती कथा. राणी व्हिक्टोरियानं ती छपाईच्या कच्च्या पानांतच वाचायला घेतली होती असं सांगतात. ठग नव्हतेच असं मी म्हणत नाही, वाटसरूंना मारून लुटणाऱ्या टोळ्या होत्या. प्रश्न आहे तो त्यावर बांधलेल्या गोष्टीचा: हे लोक गुन्हा ‘करत’ नाहीत, ते जन्मानंच गुन्हेगार आहेत, पिढ्यान्‌पिढ्या, धर्म म्हणून. 1836 चा ठगीविरोधी कायदा असा होता, की तुम्ही ठगांच्या टोळीत होता एवढं सिद्ध झालं की जन्मठेप. नेमका कुठला खून, कधी, कुणाचा, हे दाखवायची गरज नाही. कायदा आधी आला, कादंबरी तीन वर्षांनी. पण कायद्याला जी भीती लागते ती घरोघर पोचवायचं काम कादंबरीनं केलं.

ही कल्पना पुढं वाढत 1871 च्या क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्टपर्यंत गेली. अख्ख्या जमाती ‘गुन्हेगार’ म्हणून नोंदवल्या. हजेऱ्या लावल्या, तारेच्या कुंपणात कोंडलं. सोलापूरची सेटलमेंट आपल्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा रद्द झाला. पण आपल्या जिल्ह्यात आजही कुठं चोरी झाली की पहिली गाडी पारधी वस्तीवर जाते की नाही, हे तुम्ही मला सांगा. गावाबाहेरच्या पालातल्या पोराला शाळेत ‘कुठला रे तू’ विचारताना मास्तरचा आवाज बदलतो की नाही, तेही सांगा. ही सगळी पापं एकट्या टेलरच्या माथी मारणं चूक ठरेल, ती एका अख्ख्या यंत्रणेची आहेत. पण ‘टेलर चांगला होता’ म्हणताना ‘कुणासाठी?’ हा प्रश्न पारधी वस्तीत उभं राहून विचारून बघा.

सुरपूरचा पोरका राजा

साहेबाच्या चांगुलपणाची सगळ्यात कठीण परीक्षा नळदुर्गात झाली नाही, सुरपुरात झाली.

सुरपूरचा राजा वेंकटप्पा नायक लहान असताना टेलर तिथं कारभार बघायला गेला. बारा वर्षं त्यानं ते पोर डोळ्यासमोर वाढताना पाहिलं. पोरगा त्याला ‘अप्पा’ म्हणायचा. मी हे प्रेम खोटं मानत नाही. 1853 मध्ये राजा वयात आला, कारभार त्याच्याकडं गेला, आणि टेलर नळदुर्गला आला. फेब्रुवारी 1858 मध्ये वेंकटप्पानं इंग्रजांविरुद्ध हत्यार उचललं. बंड मोडलं. राजा हैदराबादला पकडला गेला. फाशीची शिक्षा झाली, ती कमी होत होत चार वर्षांच्या कैदेवर आली. टेलर त्याला तुरुंगात भेटला, त्याच्यासाठी शब्द टाकला. चेंगलपट्टूच्या किल्ल्याकडं नेताना वाटेतच पिस्तुलाच्या गोळीनं राजाचा मृत्यू झाला. आणि त्या पोरक्या संस्थानाचा कारभार बघायला पुन्हा कोण? अप्पाच. दोन वर्षांनी सुरपूरही निजामाला देऊन टाकलं.

‘अप्पा’ म्हणणाऱ्या पोराला साहेब भाषा शिकवू शकला, हिशोब शिकवू शकला, शिक्षा कमी करा अशी विनंती करू शकला. त्याच्या राज्याचं काय करायचं हे ठरवणं अप्पाच्या हातात नव्हतं. हीच चांगल्या साहेबाची हद्द. त्याच्या मनात कितीही माया असली तरी निर्णय वर होतो, आणि वरच्याला तुमचं नावही माहीत नसतं.

‘तेव्हा लोकशाही कुठं होती?’

हा आक्षेप येणारच. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजची फूटपट्टी लावू नका, असं म्हणतील.

मग त्या काळाचीच फूटपट्टी घेऊ. 26 ऑगस्ट 1852 रोजी मुंबईत बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. जगन्नाथ शंकरशेट, भाऊ दाजी लाड ही मंडळी त्यात होती. त्यांनी ब्रिटिश पार्लमेंटकडं अर्ज पाठवला. त्यात राज्यकारभारात इथल्या लोकांना जागा द्या, अशी मागणी होती. वर्षभराच्या आत नळदुर्ग गहाण पडलं. त्याआधी 1848 मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली होती, कुणा साहेबाची वाट न बघता. म्हणजे ‘आम्हाला चांगला मालक द्या’ याच्यापेक्षा वेगळं काही मागणारी मराठी माणसं तेव्हाही होती. त्या मंडळींच्याही मर्यादा होत्या. अर्ज करणारे शेटिये होते, शेतकरी नव्हते. पण प्रश्न योग्य होता.

आणि माझी फूटपट्टी टेलरसाठी नाहीच मुळी. तो त्याच्या काळातच जगला आणि तिथंच संपला. फूटपट्टी आहे कमेंट लिहिणाऱ्या पोरासाठी, म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी. आपण 1853 मध्ये राहत नाही. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय सैन्य सोलापूरकडून आलं तेव्हा पहिली चकमक नळदुर्गलाच झाली, बोरीवरच्या पुलाच्या ताब्यासाठी. त्याआधी कितीतरी माणसं सरहद्दीवरच्या कॅम्पांत राहून निजामाशी लढत होती. पुढच्या तीन-चार वर्षांत या मुलखातल्या प्रत्येक प्रौढ माणसाला पहिल्यांदा मत मिळालं. शेतात राबणाऱ्या बाईलाही, पालातल्या पारध्यालाही. ती लढाई चांगला साहेब मिळवण्यासाठी नव्हती.

आजचे टेलर

आता सगळ्यात नाजूक जागेवर येतो.

माझ्या बरोबर शिकलेल्यांतले बरेचजण अजून स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसलेत. भिंतीवर कुणा कलेक्टरचा फोटो, फोनवर कुणा ‘डॅशिंग’ अधिकाऱ्याचं भाषण. पोस्ट निघाली की गावात मिरवणूक. बदली झाली की निरोपाला डोळ्यात पाणी, आणि त्याचंही रील. या पोरांच्या कष्टाबद्दल मला आदरच आहे. बिनपाण्याच्या जिल्ह्यात शेतीवर कुणी किती दिवस विसंबायचं? पण त्या फोटोंमागची समजूत तपासा. जिल्हा सुधारतो तो वरून आलेल्या एका सच्च्या, कडक माणसामुळं, बाकीचे आपण फक्त टाळ्या वाजवणारे. नळदुर्गात बसून टेलरचंही हेच मत होतं.

2018 मध्ये आपला जिल्हा ‘आकांक्षित जिल्ह्यां’च्या यादीत गेला. महाराष्ट्रातून चारच: नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि आपण. 49 निर्देशांक, दर महिन्याला क्रमवारी, दिल्लीत डॅशबोर्ड. मी डॅशबोर्ड बनवणाऱ्या धंद्यातलाच आहे, त्यामुळं सांगतो, डॅशबोर्ड ज्याच्या टेबलावर असतो त्याच्यासाठी असतो. तो दिल्लीला दिसतो, कलेक्टरला दिसतो. भूम-परंड्यातल्या ज्या बाईच्या पोराचं वजन त्यात भरलंय, तिला तो दिसत नाही आणि तो आकडा चुकीचा आहे असं म्हणायला तिच्यासाठी बटणही नाही. लसीकरण वाढलं असेल, शाळेतली गळती कमी झाली असेल, तर ते चांगलंच. टेलरची मोजणीही चांगलीच होती.

याहून मोठी गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत घडली आणि तिच्यावर एक रील निघालं नाही. मार्च 2022 मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली. आरक्षणाचा आणि प्रभागांचा वाद कोर्टात अडकला. त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ जिल्हा परिषदेत निवडून आलेला एकही माणूस नव्हता. मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक. पंचायत समित्यांचं तेच, नगरपालिकांचं तेच. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की आता निवडणुका घ्या. तोवर शाळेच्या खोल्या, गावचे रस्ते, दवाखान्याची औषधं, पाण्याच्या योजना, सगळ्यांवर सही एका साहेबाची.

टेलर नळदुर्गला चार वर्षं होता. आपणही जवळपास तेवढाच काळ साहेबाच्या राज्यात काढला. कुणी मोर्चा काढला? कुणाच्या बापानं चावडीवर विचारलं, आमचा सदस्य कुठाय? उलट मी स्वतः ऐकलेलं वाक्य असं आहे: ‘बरंय की, मेंबरांची खाबुगिरी तरी बंद झाली.’ ते वाक्य आणि ‘इंग्रज होते तेव्हा कामं होत होती’ हे वाक्य एकाच झाडाची फळं आहेत.

मेंबर खातात हे मलाही माहीत आहे. पण खाणाऱ्या मेंबराला पाच वर्षांनी पाडता येतं. त्याच्या दारात जाऊन शिवी देता येते. त्याला लग्नात, मयतीत, जत्रेत गाठता येतं. प्रशासकाला आपण कुठं गाठणार? त्याची बदली झाली की आपल्या तक्रारीचीही बदली होते. चांगला साहेब मिळणं नशिबाची गोष्ट आहे. वाईट साहेबाला जाब विचारता येणं हा हक्क आहे. नशिबाच्या कौतुकात आपण हक्क गहाण टाकला आणि पावतीसुद्धा मागितली नाही.

टेलर वाचा, जरूर वाचा. आत्मचरित्र फुकट मिळतं, फोनवर उघडतं, इंग्रजी फार अवघड नाही. नळदुर्गचं वर्णन वाचून किल्ला बघायला जाल तर जास्त कळेल. पण वाचताना प्रत्येक पानावर विचारा, की या वाक्याच्या पलीकडं उभा असलेला माणूस काय म्हणाला असता? शक्य असेल तर मोडी शिका. तीन-चार महिन्यांच्या सरावात वाचता येऊ लागते. घरातल्या पत्र्याच्या पेटीत आज्याचा एखादा कागद असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. तोच आपल्या बाजूचा लॉग.

आणि पुढची ग्रामसभा कधी आहे ते ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. कायद्यानं ती घ्यावीच लागते आणि तिथं गावाच्या पैशाचा हिशोब मागता येतो. पुण्यात बसून फोनवरून मागता येत नाही, हे मला चांगलंच माहीत आहे. त्यासाठी सुट्टी टाकून, एसटीनं गावाकडं यावं लागतं आणि वीस-पंचवीस माणसांत उभं राहून, चुलत्याच्या डोळ्यात बघून विचारावं लागतं, ‘तात्या, गेल्या तीन वर्षांत पाणीपुरवठ्याचं किती आलं आणि कुठं गेलं?’ तात्या चिडतील. माहेरी आलेली आत्या म्हणेल, ‘शिकून लई शहाणा झालास.’ विचारायचं तरीही.